पूजेला बसलेलं ड्रिल

माझ्या नवऱ्याचं नाव सोपान. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. नाव घेतल्यानं माणूस मरत असता तर मी रोज सकाळी उठून गावातली दोन नावं मोठ्यानं घेतली असती. एक सावळाराम पाटलाचं आणि दुसरं त्याच्या आईचं, अक्काबाईचं. अजून दोघांची आठवण आली की माझं डोकं फिरतं. तेव्हा मला कुणी शांत हो म्हणू नये.

बहात्तर सालची गोष्ट. आमचं गाव पालीच्या पुढं, राजगडाच्या पायथ्याला. इकडं पावसाचं कधी नडत नाही. उलट थांब बाबा म्हणायची वेळ येते. पण त्या साली गौरी-गणपती झाले आणि पाऊस जो गेला तो गेलाच. नवरात्र बसलं तरी ढगाचा पत्ता नाही. आंबेमोहोर निसवून उभा, दाण्यात दूध धरायची वेळ, आणि खाचरात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. एक पाणी मिळालं असतं तर दाणा भरला असता. नाही मिळालं तर सगळं पळंज, नुसती फोलपटं. मी रोज सकाळी एक लोंबी तोडून दाताखाली धरायची. दूध आहे का बघायची. आहे, पण पातळ, ताकाच्या निवळीसारखं.

नदीच्या डोहात पाणी होतं. डोहावर पाटलाचं इंजिन होतं. इंजिनाचा पाट आमच्या बांधावरून त्याच्या खालच्या वावरात जायचा. पाट काढायचा होता तेव्हा पाटील आपल्या पायानं आमच्या दारात आला होता. दारात म्हणजे दारापुढच्या बाभळीखाली. "शेवटचं पाणी तुमचं," म्हणाला. वतनाची परत मिळालेली आमची एवढीच जमीन, दोन खाचरं. सोपान हो म्हणाला. तेव्हापासून त्याची सगळी वावरं भिजली की उरलंसुरलं आमच्याकडं यायचं.

आता ड्रिलचं सांगते.

सोपान सहा वर्षं पुण्याला नाना पेठेत एका वर्कशॉपात होता. सासरे गेले, गावात सासू एकटी पडली, म्हणून मला घेऊन परत आला. येताना म्हणाला, मी गावात लोखंडाचं काम करणार. मग आम्ही दोघं जुन्या बाजारात गेलो. एका माणसानं गोणपाट अंथरून त्यावर ढीग मांडला होता. त्यात दोन ड्रिल होती. एक विजेचं, रुपेरी, लांब काळी वायर असलेलं. त्यानं शेजारच्या दुकानातून वायर जोडून बटण दाबून दाखवलं. घर्र करून फळीतून आरपार गेलं. मला तेच आवडलं. दुसरं हातानं फिरवायचं, जुनं, काळं. वर छातीला लावायची लोखंडी पाटी, बाजूला दांडा, मोठं दातेरी चाक. मी म्हणाले, "हे कशाला? खोबरं किसायचं हाय का?"

सोपाननं विजेचं हातात घेतलं, तोललं, खाली ठेवलं. मग हाताचं घेतलं. दांडा सावकाश फिरवून कान लावून ऐकलं, दाते कुठं अडकतात का. पुढच्या जबड्यात एक बारीक सळी धरून फिरवली आणि एक डोळा मिटून बघत राहिला, सळीचं टोक हलतंय का. जरासुद्धा हललं नाही. मग मला म्हणाला, "आपल्या गावात वीज कुठवर आलीय?"

"पाटलाच्या आळीपातुर."

"मंग भोक पाडायला कुठं जायाचं? पाटलाच्या वसरीवर? ही वायर चार हात. पाटील आपल्याला चाळीस हात लांब हुबं करतो."

मी विजेच्या ड्रिलवरचा हात काढला.

"ह्याला खांब नगं, वायर नगं, कुनाचं दार नगं," तो म्हणाला. "छातीला लावलं की झालं."

त्या ड्रिलनं आम्हाला दोन वर्षं भाकरी दिली. नांगराच्या फाळाला भोकं, बैलगाडीच्या पट्ट्या, शाळेच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या. विंझर-वेल्ह्यापासून लोक यायचे. गेनबा लोहारानं भोक पाडायचं म्हणजे लोखंड लाल करून घणानं ठोकायचं. सोपान जागच्या जागी पाडायचा, चाक न काढता, पट्टी न उतरवता. त्याच्या छातीच्या मधोमध पाटीचा निळा डाग पडलेला, कधी गेलाच नाही. गावातले लोक कामाची वस्तू बाभळीखाली ठेवायचे आणि झाली की तिथून उचलायचे. उचलताना वरून पाणी शिंपडायचे. काम हवं, पण त्या कामाचा हात नको. मी घरातून बघायची आणि दात खायची. सोपान म्हणायचा, "दात नगं खाऊस, भाकरी खा."

तर अष्टमीच्या दुपारी इंजिन बंद पडलं. बंद पडलं म्हणजे पाडलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा, म्हणून पाटलाचा गडी कोंडिबा इंजिन घासायला बसला. घासलं, पुसलं, पंप पण उघडून धुतला. परत बोल्ट आवळताना शहाण्यानं पान्याला पाइप घातला आणि सगळं अंग टाकलं. पाणी ओढायच्या पायपाच्या तोंडाशी चार बोल्ट, त्यातला एक आतच तुटला. डोकं हातात, धड आत. तिथून पंप हवा ओढायला लागला. काथ्या कोंबला, डांबर लावलं, पण पाण्याचा थेंब नाही. गेनबा लोहारानं बघितलं आणि हात वर केले. तुटका बोल्ट काढायचा तर त्याच्या मधोमध बारीक भोक पाडायला हवं, त्यात चौकोनी कानस ठोकून उलटं फिरवायला हवं. पंप काय भट्टीत घालायचा?

दिवस मावळायच्या आत पाटील आणि कोंडिबा बाभळीखाली हजर.

"सोपाना, तुजं ते भोकाचं मशीन दे जरा," पाटील म्हणाला. "सकाळच्याला परत धाडतो."

सोपान हात पुसत पुढं झाला. "मशीन कशाला देऊ पाटील? म्याच येतो. घटकाभराचं काम हाय."

पाटलानं कोंडिबाकडं बघितलं. कोंडिबानं जमिनीकडं बघितलं.

"तसं न्हवं," पाटील म्हणाला. "इंजनाच्या खोलीत आईनं देवीचा घट बसवलाय. नवरात्र हाय. तू आत कसा येशील? कोंडिबा करंल की."

"कोंडिबानं बोल्ट तोडलाय. आता मशीन तोडंल."

"आरं, मशीन फिरवायचं तर हाय. बायका जातं फिरवत्यात, तसं."

"मंग जातं न्या," सोपान म्हणाला. "हत्यार जाईल तितं म्या जाईन. म्या न्हाई, तर हत्यार न्हाई."

पाटलाचा चेहरा असा झाला की त्याला कुणी भर चावडीत थोबाडलंय. "शेवटचं पाणी कुनाचं हाय ते इसरू नगंस," एवढं बोलून तो गेला.

मी सोपानवर जाम भडकले. खोटं कशाला सांगू? मला त्याचा अभिमान वाटला नाही त्या वेळी. मला भात दिसत होतं. "तुमचा ताठा घिऊन काय करू? चुलीत घालू? दिलं असतंत तर काय झिजलं असतं?" तो म्हणाला, "झिजलं असतं." आणि भाकरी न खाता उठला.

नवमीच्या सकाळी सोपान पहिल्या एसटीनं भोरला गेला. दसरा आमचा धम्मदीक्षेचा दिवस, वस्तीवर झेंडा लावायचा होता, त्याचं कापड आणायला. तो गेला आणि थोड्याच वेळात कोंडिबा आला. ह्या खेपेला बाभळीखाली थांबला नाही, पार उंबऱ्याजवळ आला.

"सुलाबाई," म्हणाला. आजवर मला 'अगं ए' म्हणणारा माणूस. "पाटील म्हनलं, आज इंजन चालू झालं तर रातभर चालवू, तुमच्या खाचरात बी पानी. न्हाई झालं तर सारं पळंज. आमचं बी, तुमचं बी. बंद पडल्यालं इंजन पूजेला ठिवायचं म्हंजी अपशकुन, म्हातारी कालपासनं बडबडतीया."

मी सकाळचीच लोंबी चावून आले होते. चार दाण्यांत दूध नव्हतंच. मी आत गेले, खुंटीवरचं ड्रिल काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. दिलं मी! माझ्या ह्या हातांनी. वर सांगितलं पण, "तेल घाला. लई दाबू नगा, म्होरचं भोकाचं पातं मोडंल. हळू फिरवा." तो मान हलवत पळाला. मला वाटलं, सोपान यायच्या आत पाणी आलं की तोही काही बोलणार नाही.

मी खाचराच्या बांधावर जाऊन बसले. कान डोहाकडं. इंजिनाचा फट् फट् फट् ऐकायचा होता. ऊन डोक्यावर आलं. बगळा येऊन गेला. पाटात सरडे फिरत होते. फट् नाही की फुट् नाही. शेवटी उठले आणि पाटाच्या कडेकडेनं डोहावर गेले.

खोलीच्या बाहेर कोंडिबा आणि गेनबा लोहार तंबाखू मळत बसलेले. दोघांनी मला बघितलं आणि दोघांच्या नजरा दोन दिशांना गेल्या.

"झालं का?" मी विचारलं.

"न्हाई," गेनबा म्हणाला.

"का? मशीन मोडलं?"

"मोडलं न्हाई. बसलंय."

मी दारातून आत बघितलं. कोपऱ्यात घट, त्यावर झेंडूची माळ. पुढं पाट मांडलेला. पाटावर पाने, हातोडा, विळे, कोयता, आणि मधोमध आमचं ड्रिल. हळदकुंकवानं माखलेलं. दांड्याला झेंडूचं फूल अडकवलेलं, छातीच्या पाटीवर तांदूळ. पुढं उदबत्ती आणि नारळ.

गेनबानं सांगितलं ते असं. कोंडिबानं ड्रिल आणलं, पण चालवायचं कुणाला येतंय? म्हणून तो गेनबाला बोलवायला गेला. तेवढ्यात अक्काबाई पूजा मांडायला आली. ड्रिल कुठल्या आळीतून आलं हे तिला ठाऊक. तिनं आधी गोमूत्र शिंपडून ते शुद्ध केलं. मग लोखंडाचं हत्यार आहे, ते बाजूला कसं ठेवायचं म्हणून उचलून पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. आधी विटाळ काढला, मग देव केला, आणि दोन्ही पाच मिनिटांत! आता पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या शिलंगणापर्यंत उचलायचं नाही. गेनबाची छाती होईना, कोंडिबाची होईना, पाटलाची तर नाहीच नाही. म्हातारी म्हणाली, उचलाल तर वंश बुडेल.

हसावं का रडावं? सगळ्या गावात ते काम करणारं एकच हत्यार, आणि त्याला फूल लावून बसवलं. बाहेर भात मरतंय आणि आत उदबत्ती जळतेय.

पाटील आला. मी म्हणाले, "आमचं मशीन द्या."

"उद्या संध्याकाळी ने."

"तवर भाताचं काय?"

"देवीची मर्जी," तो म्हणाला. "आता तूच सांग सोपान्याच्या बायकू, पूजा मोडायची का? आन चूक कुनाची? काल दिलं आसतं तर कालच काम झालं आसतं."

ऐकलंत? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी तिथून निघाले आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. डोळ्यातून पाणी यायला लागलं तर पदरानं पुसलं नाही, तसंच वाहू दिलं. आजूबाजूला उभ्या बायका बघत होत्या. बघू देत म्हटलं.

सोपान उतरला तेव्हा चार वाजले असतील. काखेत कापडाची गुंडाळी. मी तिथंच, रस्त्यावर, सगळं सांगितलं. मला वाटलं हात उगारेल. मनातून वाटत होतं उगारावा. पण त्यानं कापडाची गुंडाळी नीट दुसऱ्या काखेत घेतली.

"तू दिलंस?"

"दिलं. भातासाठी दिलं."

"बिगर वायरचं मशीन आपुन का घेतलं व्हतं, सुलू?"

एवढंच बोलला. यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. आणि चालायला लागला. घरी जाऊन तेलाची बुधली, पात्यांची डबी, चौकोनी कानस आणि फावडं घेतलं, आणि डोहाकडं निघाला. मी मागनं.

खोलीच्या दारात पाटील आडवा उभा. आत अक्काबाई घटाजवळ बसलेली. "थांब सोपाना," पाटील म्हणाला. "पूजा मोडू नगंस."

सोपान पायरीच्या खाली थांबला. त्याची मान ताठ होती, पण पाय थांबले होते. सहा वर्षं पुण्यात राहिलेले, कुठल्याही हॉटेलात जाऊन बसणारे ते पाय इथं पायरीशी थांबले. माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"म्या दिलंय, म्याच आननार," मी म्हणाले, आणि पाटलाच्या काखेखालून आत घुसले. त्याला मला अडवायला हात लावावा लागला असता. तो त्यानं लावला नाही, अंग चोरून बाजूला झाला. विटाळाचा एवढा तरी उपयोग! मी पाटावरचं ड्रिल उचललं. फूल खाली पडलं, तांदूळ सांडले. अक्काबाई किंचाळली, "अगं मेले, वंश बुडंल तुजा!"

"माजा बुडू दे," मी म्हणाले. "आमी बुद्धाचे. तुमच्या घटाचा शाप आमाला लागत न्हाई." आणि तिच्या देखत पदरानं ड्रिलवरचं कुंकू पुसलं.

मग पाटील खाकरला. मला आजसुद्धा ते खाकरणं ऐकू येतं. "झालं ते झालं," तो म्हणाला. "पूजा तर मोडलीच हाय. पाप काय आमच्या माथ्यावर न्हाई. तर सोपाना... बघ जरा त्या बोल्टाचं."

गरज सरो नि वैद्य मरो असं म्हणतात. हा पाटील गरज सरायच्या आधीच वैद्याला मारून, परत नाडी बघायला बोलवत होता.

मी तोंड उघडलं, पण सोपान आधी बोलला. "पयलं पानी आमच्या खाचरात. दोनी भिजल्याबिगर तुमच्याकडं न्हाई. गेनबाच्या म्होरं हो म्हना."

पाटलानं गेनबाकडं बघितलं, वर आभाळाकडं बघितलं, मग म्हणाला, "हो."

सोपान आत गेला. पंपापाशी मांडी घालून बसला. आधी दातेऱ्या चाकातलं कुंकू आणि तांदूळ काडीनं टोकरून काढले. गोमूत्रानं जबडा चिकट झालेला, तो पुसून तेल सोडलं. सगळ्यांत बारीक पातं लावलं. तुटक्या बोल्टाच्या मधोमध टोच्यानं खूण केली, पाटी छातीला टेकवली आणि दांडा फिरवायला लागला. हळू, एका लयीत. लोखंडाचा बारीक कीस कुरळा होऊन खाली पडायला लागला. पंप अडचणीत, म्हणून त्याला कमरेत वाकून, एक खांदा भिंतीला घासत काम करावं लागत होतं. घाम नाकावरून पंपावर पडत होता. कोंडिबा दारातून बघत म्हणाला, "जोर लाव की." सोपान वर न बघता म्हणाला, "जोर लावून तू काल केलंस की."

बारीक भोक झालं, मग त्याच्यावर जरा मोठं पातं. मग चौकोनी कानसेचं टोक भोकात ठोकून पान्यानं उलटं फिरवलं. एकदा सटकलं. सोपानची बोटं पंपावर आपटली, सालटं निघालं, रक्त आलं. त्यानं बोट तोंडात घालून चोखलं आणि परत पाना धरला. करकर आवाज आला आणि तुटका बोल्ट गोगलगायीसारखा हळूहळू बाहेर यायला लागला. गेनबा म्हाताऱ्यानं आपणहून म्हटलं, "वा रं पठ्ठ्या!" नवीन बोल्ट बसवला, चारी आवळले. बेतानं आवळले.

कोंडिबानं हँडल मारलं. फट्. फट् फट्. फट् फट् फट् फट्. नळ दोनदा खोकला, गंजाचं लाल पाणी आलं, आणि मग हे जाड, पांढरं पाणी पाटात धबाधबा कोसळायला लागलं. मी हात जोडले नाहीत, पण रडले. सोपानकडं बघून हसले पण. दोन दिवसांत पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, "चल, खाचरांची दारं फोडू, पानी आत घिऊ."

आम्ही पायरी उतरलो. पाच-सहा पावलं गेलो असू. मागं पाण्याचा आवाज आला म्हणून मी वळले.

अक्काबाईनं नळाच्या तोंडाशी कळशी भरून आणली होती. सोपान जिथं बसला होता तिथं ती पाणी ओतत होती आणि खराट्यानं घासत होती. त्याच्या घामाचे ठिपके, लोखंडाचा कीस, बोटाचं रक्त, सगळं घासून दाराबाहेर ढकलत होती. त्याच्याच हातानं आलेल्या पहिल्या पाण्यानं. पाटील शेजारी उभा राहून कोंडिबाला सांगत होता, "कोपऱ्यात बी वत. तितं बी हात लागला आसंल."

मी सोपानकडं बघितलं. त्यानं पण बघितलं होतं. "चल सुलू," म्हणाला. "भात वाट बघतंय." पण त्याची मान खाली होती. जो माणूस काल पाटलाला जातं न्या म्हणाला होता त्याची ही मान.

मी पाटात उतरले. घोट्याच्या वर चिखलात दोन्ही पाय चांगले रुतवले. वर आले आणि पायरी चढून सरळ आत गेले. धुतलेल्या ओल्या जमिनीवरून दारापासून भिंतीपर्यंत गेले, पंपाला वळसा घातला, घटाच्या पाटापर्यंत जाऊन उभी राहिले आणि दोन्ही पाय आपटले. माझी दहाच्या दहा बोटं उठली जमिनीवर.

"सुलू!" पाटील ओरडला. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून पहिल्यांदा माझं नाव त्याच्या तोंडात आलं.

"धुवा आता," मी म्हणाले. "पानी लई हाय. आमच्या मानसानं आनलंय. तुमी जितक्या बारी धुवाल तितक्या बारी म्या येईन. रातभर इंजन चालनार हाय न्हवं? म्या बी हाय रातभर."

अक्काबाईच्या हातात भरलेली कळशी होती. ती तिनं उचलली, माझ्या पायांकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हलले नाही. शेवटी तिनं कळशी खाली ठेवली.

बाहेर सोपान फावडं घेऊन उभा होता. मी ते त्याच्या हातातून घेतलं, आणि आम्ही पाटाच्या कडेनं, पाण्याबरोबर, आमच्या खाचराकडं गेलो.